ठकीच्या खोलीतलं पिनबॉल

शनिवारी ठकी येणार आणि तिच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही, ही गोष्ट इंजिनिअरांना दाढी करताना कळली. म्हणजे जागा नाही हे त्यांना चांगलंच माहीत होतं. ठकी येणार हे तेव्हा कळलं. बायकोनं एका हातानं न्हाणीघराचं दार वाजवलं आणि दुसऱ्या हातानं फोन त्यांच्या फेसाळलेल्या गालाला चिकटवला.

"बाबा, मी शनिवारी येते. नोकरीचं पक्कं झालंय. सगळं आल्यावर सांगते," ठकी म्हणाली.

"ये की! विचारतेस काय? अगं, तुझी खोली जशीच्या तशी आहे!"

 पलीकडून ठकी नुसतं "हं" म्हणाली, नाक ओढलं आणि फोन ठेवला. पोरीला भरून आलं, असं दोघांनीही धरलं. शिक्षण संपलं, नोकरी लागली, कायमची आईबापांकडे परत येतेय, भरून येणारच.

"जशीच्या तशी," बायको म्हणाली. "जीभ नाही अडखळली?"

इंजिनिअरांनी उत्तर देण्याऐवजी गाल कापून घेतला.

इथं एक खुलासा केलेला बरा. इंजिनिअर हे इंजिनिअर नव्हते. ते पाणीपुरवठ्याच्या कचेरीत बिलांच्या टेबलावर बसत. पण एकदा समोरच्या काकूंची दारावरची बेल बंद पडली, यांनी स्टुलावर चढून तिला एक चापट मारली आणि ती वाजली. तेव्हापासून अख्खी इमारत त्यांना इंजिनिअर म्हणायला लागली. पहिल्यांदा ते "छे छे, काहीतरीच" म्हणाले. मग नुसते हसायला लागले. मग शर्टाच्या खिशाला स्क्रू ड्रायव्हर लावून फिरायला लागले. फुकट मिळालेल्या पदव्या अशाच अंगात भिनतात, आणि त्या भिनल्या की माणूस काय उचलून घरी आणेल याचा नेम नाही.

यांनी पिनबॉलचं मशीन आणलं. ठकी शिकायला बाहेरगावी गेली त्याच्या पुढच्याच आठवड्यात नाणं टाकून खेळायच्या यंत्रांचं एक जुनं खेळघर बंद पडलं आणि त्याचा माल रस्त्यावर आला. त्यात हे होतं. पिनबॉल म्हणजे चार पायांवर उभं असलेलं, काचेच्या झाकणाचं लांबट टेबल. पुढचा दांडा खेचून सोडला की पोलादी गोळी वर धावते, दिव्यांच्या टोप्यांवर आपटते, टणाटण गुण पडतात, आणि गोळी परत खाली आली की दोन छोट्या फळ्यांनी तिला पुन्हा वर हाणायचं. टेबलाच्या पलीकडच्या टोकाला उभी पेटी असते, तिच्यावर चित्र. या चित्रात एक राणी होती आणि तिच्या शेजारी वाघ. वाघाच्या तोंडाचा रंग उडाला होता. तो इंजिनिअरांनी स्वतः भरला, आणि तेव्हापासून वाघ हुबेहूब त्यांच्या मेव्हण्यासारखा दिसायला लागला. मेव्हणा आला की त्या खोलीचं दार लोटून घ्यावं लागे.

मशीन सुटं सुटं होऊन आलं होतं. "महिन्याभरात उभं करतो, ठकी सुट्टीला आली की खेळेल," असं इंजिनिअर म्हणाले होते. त्यानंतर ठकीच्या किती सुट्ट्या आल्या आणि गेल्या! सुदैवानं, म्हणजे तेव्हा ते दुर्दैव वाटायचं, प्रत्येक सुट्टीत तिला कुठं ना कुठं कामाचा अनुभव घ्यायला जावं लागलं, मग हेच दोघं तिला जाऊन भेटून यायचे. आणि दर रविवारी फोनवर इंजिनिअर न चुकता तेच एक वाक्य म्हणायचे. खोली जशीच्या तशी आहे.

खोलीत ठकीचा पलंग भिंतीला उभा टेकवलेला होता. तिच्या अभ्यासाच्या टेबलावर दिव्यांच्या टोप्या वाळत होत्या. तिच्या कपाटात तिच्या फ्रॉकांच्या वर वायरींची भेंडोळी होती. आणि मधोमध ते धूड. दिवे लागत होते, घंटा वाजत होत्या, फळ्या फडफडत होत्या. फक्त एक बारीकसा दोष होता. गोळी वर जायची आणि तिथंच बसून राहायची.

आता इंजिनिअरांनी काही म्हणजे काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. गोळीला पॉलिश केलं. लाकडाला मेण लावलं. आतली चुंबकं बदलली. पोस्टमास्तर, म्हणजे वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर, रोज संध्याकाळी येऊन तपासणी करायचे. त्यांचं म्हणणं, "पाया वाकडा तर सगळं वाकडं." त्यांनी कधीकाळी घर बांधायचं म्हणून पाणसळ, म्हणजे सपाटी तपासायची बुडबुड्याची पट्टी, विकत घेतली होती. घर राहिलं, पाणसळ राहिली. ती त्यांनी पहिल्याच दिवशी आणून काचेवर ठेवली, तर बुडबुडा एका टोकाला पळाला. मशीनचे पुढचे पाय चक्क आखूड निघाले! मग इंजिनिअरांनी त्या दोन पायांखाली लाकडी ठोकळे घातले, तासून तासून बुडबुडा बरोब्बर मध्ये आणला आणि ठोकळे डिंकानं पक्के केले. उभी पेटी हलत होती, तिलाही बोल्ट मारून वर डिंक ओतला. "आता हे जन्मात हलायचं नाही," ते म्हणाले होते. हे मात्र खरं ठरलं.

तर आता प्रश्न असा, की शनिवारच्या आत याचं करायचं काय.

"तिला खरं सांगून टाका," बायको म्हणाली.

"काय सांगू? तू गेलीस आणि आठवड्यात तुझ्या खोलीचा आम्ही कारखाना केला?" इंजिनिअर कळवळून म्हणाले. "तिला काय वाटेल? आपली जागाच नाही राहिली या घरात, असं वाटेल. नाही, नाही. शनिवारी तिला तिची खोली दिसली पाहिजे. पडदासुद्धा तोच."

"पडद्यानं तुम्ही वंगण पुसलंय."

इंजिनिअरांनी हा मुद्दा बाजूला ठेवला.

बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. समोरच्या काकू आल्या. त्या कुठल्याही वस्तूकडे पाहिलं की ती दुसऱ्या कशाच्या उपयोगाची आहे हे सांगतात. "काच काढा, आत माती भरा, रोपं लावा," त्या म्हणाल्या. "नाहीतर काच ठेवा, इस्त्री करा. नाहीतर पाणी भरा, मासे सोडा."

"काकू, आत वीज आहे."

"मग मासे नको," काकू समजूतदारपणे म्हणाल्या. "रोपंच."

पोस्टमास्तरांचं मत पडलं की असली वस्तू संग्रहालयाला द्यावी. संग्रहालयात इंजिनिअरांनी फोन केला. तिकडच्या बाईंनी विचारलं, वस्तू पूर्ण आहे की भग्न? इंजिनिअरांचा स्वाभिमान दुखावला. ते म्हणाले, जवळजवळ पूर्ण आहे. बाई म्हणाल्या, पूर्ण असती तर घेतली असती, भग्न असती तरी घेतली असती, जवळजवळसाठी आमच्याकडे दालन नाही.

भंगारवाला आला. त्यानं मशीनला एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाला, "लोखंड वेगळं करा, लाकूड वेगळं करा, वायर वेगळी करा, मग बोलवा."

"अरे बाबा, ते वेगळंच होतं!" इंजिनिअर ओरडले. "जोडता जोडता माझे केस पांढरे झाले!"

"कशाला जोडलं मग?" भंगारवाल्यानं विचारलं. इंजिनिअरांनी त्याला जिन्यापर्यंत पोचवलं.

मग त्यांना कचेरीची आठवण झाली. कचेरीत कर्मचाऱ्यांसाठी करमणुकीची खोली होती, तिच्यात एक कॅरमबोर्ड आणि त्याच्यावर झोपणारं एक मांजर होतं. इंजिनिअर करमणूक मंडळाच्या चिटणिसांकडे गेले. चिटणीस एरवी त्यांच्या शेजारच्याच टेबलावर बसत, डब्यातली भाजी वाटून खात. पण चिटणीस म्हणून ते दुसरेच गृहस्थ होते.

"फुकट देतोय," इंजिनिअर म्हणाले.

"फुकट असलं तरी नोंद लागते. बैठा खेळ आहे की मैदानी?"

"उभ्यानं खेळतात."

"म्हणजे बैठा नाही. मैदानात खेळतात?"

"मैदानात कसं खेळतील? वायर आहे त्याला."

"म्हणजे मैदानीही नाही." चिटणिसांनी खेदानं मान हलवली. "उभा खेळ असा रकानाच नाही हो. बसून खेळता येईल का बघा ना."

"उंच स्टूल घेतलं तर येईल."

"स्टूल फर्निचरात येतं. त्याचे साहेब वेगळे, आणि ते रजेवर आहेत."

"अहो, आपण दोघं एका डब्यात जेवतो!"

"म्हणून तर नियमानं चाललोय," चिटणीस म्हणाले. "उद्या कुणी म्हणायला नको."

इंजिनिअर त्या दिवशी डबा एकट्यानं जेवले. त्यांना वाटलं, आपण बिलांवर इतकी वर्षं लोकांना हेच सांगत आलो. पण हा विचार त्यांनी लगेच झटकला, कारण तो जेवताना पचण्यासारखा नव्हता.

शेवटी शुक्रवारी देव पावला. कोपऱ्यावरच्या सलूनचा मालक स्वतः दारात उभा राहिला. इंजिनिअरांच्या गालावरची कापल्याची खूण बघून त्यानं आधी त्यांना चार शब्द सुनावले, मग कामाचं बोलला. त्याच्याकडे गिऱ्हाईकं खोळंबतात, खोळंबली की शेजारच्या सलूनमध्ये जातात, तर त्यांना गुंतवायला असं काहीतरी हवं. मशीन नेतो. बदल्यात इंजिनिअरांची जन्मभर हजामत फुकट. इंजिनिअरांच्या डोक्यावर फारसं काही उरलं नव्हतं, पण हा उल्लेख दोघांनीही टाळला.

"उद्या सकाळी दोन हमाल घेऊन येतो," मालक म्हणाला.

"सकाळीच या. दुपारच्या गाडीनं ठकी येते. ती यायच्या आत पलंग खाली, पडदा वर, सगळं जागच्या जागी झालं पाहिजे."

शनिवारी सकाळी हमाल आले. त्यांच्या मागोमाग पोस्टमास्तर आले, काकू आल्या. मशीन पुढच्या बाजूनं दाराकडे ओढायचं ठरलं. पुढचे पाय उंबऱ्याला अडले. ठोकळ्यांमुळे अडतायत हे पाहून हमालानं एक लाथ घातली, इंजिनिअर "अरे, अरे!" म्हणेपर्यंत दुसरी घातली, आणि दोन्ही ठोकळे उडून कपाटाखाली गेले. पुढचे पाय उंबरा ओलांडून बाहेर आले. मग मधला भाग बाहेर आला. मग मागचे पाय उंबऱ्यावर चढले आणि राणीची पेटी खाडकन चौकटीला वरून बसली.

पुढे ढकलून बघितलं, जाईना. मागे ओढून बघितलं, येईना.

"ही पेटी उतरवा," मालक म्हणाला.

"ती नाही उतरत," इंजिनिअर म्हणाले. आवाजात थोडा अभिमान होताच. "डिंक आहे."

"मग आणलंत कसं आत?"

"तेव्हा डिंक नव्हता."

सगळे मशीनकडे बघत उभे राहिले. खोलीच्या दारात बूच बसल्यासारखं ते बसलं होतं, पेटी चौकटीत, बाकीचं धूड बाहेर. वाघ चौकटीखालून मेव्हण्याच्या चेहऱ्यानं सगळ्यांकडे बघत होता. बायकोनं घड्याळाकडे पाहिलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली, कारण हसू आवरत नव्हतं आणि नवऱ्याच्या तोंडावर हसायची ती वेळ नव्हती.

"अडकलंच आहे तर लावून तरी दाखवा," मालक म्हणाला. "चालतं की नाही कळू दे."

इंजिनिअरांनी नाइलाजानं वायर जोडली. दिवे लागले. पोस्टमास्तरांनी पुढे होऊन दांडा खेचला. गोळी वर गेली.

आणि खाली आली.

सरसर, टणाटण, ठणठण करत, एकेका टोपीवर आपटत, गुण पाडत, घंटा वाजवत गोळी खाली आली, आणि पोस्टमास्तरांनी घाबरून दोन्ही बटणं दाबली तशी फळ्यांनी तिला पुन्हा वर भिरकावली. काकू किंचाळल्या. हमालानं टोपी काढली. गोळी पुन्हा खाली आली, पुन्हा वर गेली. इंजिनिअरांच्या तोंडाचा आ वासला तो मिटेना.

त्यांनी मशीनकडे पाहिलं. मागचे पाय उंबऱ्यावर. पुढचे पाय खाली, बिनठोकळ्याचे. मशीन चांगलं ऐटीत उतरतं उभं होतं. इतकी वर्षं त्यांनी चुंबकं बदलली, वायरी बदलल्या, गोळीला मेकअप केला, आणि गोळी बिचारी एवढंच म्हणत होती की बाबांनो, मला उतार द्या. आखूड पाय हे आखूड नव्हते, ते तसेच असायला हवे होते. सपाट जमिनीवर पाणी वाहत नाही, ही गोष्ट पाणीपुरवठ्याच्या माणसाला कळली नव्हती!

"तरी मी म्हणत होतो," पोस्टमास्तर दांडा न सोडता म्हणाले.

"काय म्हणत होतात?"

"की पायाचाच प्रश्न आहे."

इंजिनिअर त्यांना काहीतरी बोलणार होते, आणि ते बरं नसतं झालं. पण तेवढ्यात मालक म्हणाला, "मला द्या, मला द्या," मग हमालाची पाळी लागली, मग काकू म्हणाल्या, "सरका, आता मी," आणि त्यांनी पहिल्याच झटक्यात सगळ्यांच्या वर गुण काढले. घरात असा कल्लोळ उठला की बाहेरच्या दारात कुणी बॅग टेकवली ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

"बाबा," ठकी म्हणाली. "माझ्या खोलीच्या दारात हे काय आहे?"

काकूंनी बटणांवरचे हात काढले. गोळी एकटीच टणटणत बिळात गेली.

"तू दुपारी येणार होतीस," इंजिनिअर म्हणाले. एवढंच सुचलं.

"आधीची गाडी मिळाली." ठकी वाकली, आणि मशीनच्या खालून आत बघितलं. तिला उभा पलंग दिसला, काळा पडदा दिसला, कपाटातून लोंबणाऱ्या वायरी दिसल्या.  हमालांनी नसते उद्योग नकोत म्हणून नजर छताकडे लावली.

इंजिनिअरांना आता राहवेना. "ठके, ऐक. मी खोटं बोललो. दर रविवारी बोललो. तू गेलीस आणि संध्याकाळी कचेरीतून आलो की ही रिकामी खोली बघवेना. दार लावून घेतलं तरी बघवेना. मग हे आणलं. इथं येऊन बसायला काहीतरी निमित्त पाहिजे होतं गं. आज सकाळी सगळं नेऊन तुझी खोली परत लावणार होतो, पण..." त्यांनी चौकटीकडे हात केला. "तू रागाव. पण परत जाऊ नकोस. संध्याकाळपर्यंत भिंत फोडतो."

ठकी सरळ उभी राहिली. तिचे डोळे भरले होते, आणि ती हसत होती.

"बाबा, मला किती हलकं वाटतंय सांगू? तुम्ही दर रविवारी म्हणायचात, खोली जशीच्या तशी आहे. मला वाटायचं, तुम्ही दोघं रोज माझी उशी झटकून माझी वाट बघत बसलाय. आणि मला..." ती थांबली. मग एका दमात बोलून गेली, "मला नोकरी इथं नाही लागली. तिकडेच लागली. तिकडेच खोली घेतलीय. हे फोनवर सांगायची छातीच होईना, म्हणून तोंडानं सांगायला आले. दोन दिवसांसाठी."

 बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती, हातात ठकीसाठी भरलेला पाण्याचा पेला. तिनं तो हळूच स्वतःच पिऊन टाकला.

इंजिनिअरांनी घसा खाकरला. "तिकडे हवा बरी आहे," ते म्हणाले. "पाण्याचा दाब मात्र कमी असतो." मग त्यांना स्क्रू ड्रायव्हर शोधायची गरज पडली, जो खिशालाच होता.

ठकी मशीनजवळ आली, दांडा खेचला, सोडला. गोळी वर गेली, खाली आली. "मस्त आहे हो. हे कुणाला देताय?"

"मला," सलूनचा मालक कोपऱ्यातून म्हणाला.

"नाही द्यायचं," ठकी म्हणाली. "काका, माझ्या बाबांना बसायला जागा नको का? अजून काय काम राहिलंय याचं, बाबा?"

इंजिनिअर खरं बोलले. "काहीच नाही. आत्ताच पूर्ण झालं."

"असं कसं? काहीतरी राहिलंच असेल. पुढच्या महिन्यात आले की आपण दोघं मिळून करू." आणि ती मशीनच्या खालून रांगत आपल्या खोलीत गेली, भिंतीचा पलंग खाली पाडला आणि त्याच्यावर आडवी झाली. दोन दिवस ती तशीच रांगत आत-बाहेर करत होती, आणि रात्रीच्या जेवणाचं ताटही तिला मशीनच्या खालूनच सरकवावं लागलं.

ती परत गेली त्या दिवशी पोस्टमास्तर, काकू आणि सुताराला बोलावून चौकट तासली आणि मशीन पुन्हा आत ढकललं. तिघं जण गेले. घर शांत झालं. बायको सहज खोलीत डोकावली, तर इंजिनिअर जमिनीवर बसून मशीनच्या पोटात हात घालून काहीतरी उपटत होते.

"अहो, चाललेलं मशीन कशाला बिघडवताय?"

"एक वायर काढून ठेवतोय," इंजिनिअर मान वर न करता म्हणाले. "ती येणार आहे ना. तिला काहीतरी काम नको?"

बायको दारात जराशी उभी राहिली. मग आत आली, पदर खोचला आणि त्यांच्या शेजारी बसली.

"एक कशाला? चार काढा," ती म्हणाली. "एक वायर काय, अर्ध्या तासात लावेल आणि जाईल."